वाटी वितळली नाही

कुपवाड
११ मार्च २०२५

ब्राह्मी,

माझा फोन तुला लागत नाही. शेजारची राजेश्वरी म्हणाली, "काकू, तिनं तुमचा नंबर बंद करून ठेवलाय." म्हणून पत्र लिहिते आहे. साताऱ्यात तू केकचे क्लास घेतेस, त्याचा पत्ता तिनंच मोबाइलवर शोधून दिला. पत्र फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

परवा रविवारी इस्लामपूरला लग्नाला गेले होते. तुझे आण्णा गेल्यापासून मी लग्नाला जात नाही, पण मुलीकडचे दोनदा घरी येऊन गेले, मग गेले. जेवणाच्या शेवटी एका टेबलावर काचेच्या वाट्या मांडल्या होत्या. आत हिरवं, गार, घट्ट. पाटी लावली होती, ग्रीन टी क्रीम. तू आण्णांना करून घातलं होतंस तेच.

जेवणाचा ठेका विश्वजीत म्हणून एका जाड्या माणसाकडे होता, त्याला बोलावून घेतलं.

"हे घट्ट कशानं होतं?"

"चायना ग्रास, आक्का. समुद्रातलं गवात आसतंय."

"हाडांची पावडर नाही ना?"

तो मोठ्यानं हसला. "आवं आक्का, जैनाच्या लग्नात हाडं घालून मला इस्लामपुरात ऱ्हायचं हाय का न्हाई? आन् ती घातली आसती तर ही वाटी अशी हुबी ऱ्हायली आसती व्हय? मांडवात बगा कसं तापलंय. जिलेटिन आसतं तर तासाभरात ताक झालं आसतं. चायना ग्रास चुलीवर उकळल्याबिगर परत पातळ हुत न्हाई. सांजच्यापातूर ठेवा की हितंच, हाय तशी दिसंल."

मी ती वाटी खाल्ली नाही. परत येताना बसमध्ये त्याचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं.

दोन वर्षांपूर्वी मी तुला फोनवर काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असणारच. बापाच्या तोंडात हाडं घातलीस, असं म्हणाले. तुझ्या पिशवीत जिलेटिनची पुडी मिळाली होती, आणि ती फोडलेली होती. तू म्हणालीस, "आई, ती क्लासची पुडी आहे. आण्णांसाठी मी चायना ग्रास आणलं होतं." मी ऐकलं नाही. तुला घरी येऊ दिलं नाही. येऊन तू रडारड केलीस तर आण्णांना सगळं कळेल, जन्मभर नियम पाळलेला माणूस खचून मरेल, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना यातलं काही कळलं नाही. ते दुखण्यानंच गेले.

आज पुन्हा विचारते. त्यात खरंच चायना ग्रास होतं का? एका शब्दात लिही.

मी घरी करून बघणार आहे.

आई


कुपवाड
२६ मार्च २०२५

ब्राह्मी,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण मी ते केलं. तीनदा केलं.

पहिल्या वेळी दुकानात जाऊन हिरवा चहा मागितला. त्यानं गवती चहाची जुडी कागदात गुंडाळून दिली. आपल्याकडे हिरवा चहा म्हटलं की तोच. मलाही काही वेगळं वाटलं नाही. चहात आलं टाकताना टाकतो तसा दुधात उकळला, गाळला, साखर आणि साय घातली. रंग हिरवा आला नाही, पिवळट आला. तुझ्या भावानं, अतिशयनं, एक चमचा घेतला आणि म्हणाला, "आई, सर्दीचा काढा थिजवलायस का?" मी सांगितलं नाही काय करते आहे. पण त्यानं फ्रिज उघडून बाकीच्या वाट्या बघितल्या आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "हे तिचंच हाय न्हवं? कशाला पायजे हे घरात?" एवढं म्हणून तो कामावर गेला. आण्णांच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर असतो अजून.

राजेश्वरीला सांगितल्यावर ती पोट धरून हसली. मग तिनं हिरव्या चहाची खरी पूड मागवून दिली. मेंदीसारखी दिसते, वासही थोडा गवताचा. दुसऱ्या वेळी मी चायना ग्रास उकळून गार सायीत ओतलं, तर त्याच्या गाठी झाल्या, भाताच्या शितांसारख्या. तिसऱ्या वेळी नीट जमलं. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला कसं जमलं ते लिहिते. चायना ग्रासच्या पट्ट्या कात्रीनं बारीक कापून पाण्यात भिजवल्या, मंद आचेवर पार विरघळेपर्यंत ढवळत राहिले. दुसऱ्या भांड्यात दूध, साय आणि साखर कोमट करून घेतलं. हिरवी पूड आधी चमचाभर गरम पाण्यात फेटली, गोळी राहू दिली नाही. मग सगळं गरम असतानाच एकत्र केलं, फडक्यातून गाळलं, वाट्यांत भरलं. गार करायला ठेवायच्या आधीच ते धरायला लागलं होतं.

चार वाट्या झाल्या. तीन फ्रिजमध्ये तशाच ठेवल्या. एक दुपारी एक वाजता आण्णांच्या कॉटशेजारच्या त्याच स्टुलावर ठेवली. पंखा बंद केला. समोर बसून राहिले.

दोन वाजता बोट लावलं. घट्ट. तीन वाजता वाटी तिरकी केली, हलली नाही. पाच वाजता पालथी केली तेव्हा सुरीनं कापल्यासारखी एका तुकड्यात ताटलीत पडली.

आता ते लिहिते जे मला इस्लामपूरच्या बसमध्ये आठवलं. तू रविवारी करून ठेवलंस आणि साताऱ्याला परत गेलीस. सोमवारी सकाळपासून लाइट नव्हती. मे महिना, पत्र्याचं घर. आण्णांनी दुपारी थोडं खाल्लं आणि उरलेली वाटी त्या स्टुलावर संध्याकाळपर्यंत होती. मी ती मोरीत ओतायला गेले तर ओतली जाईना. गोळा पडला. वरून तांब्याभर पाणी टाकलं तरी तो तसाच जाळीवर बसून राहिला, शेवटी हातानं उचलून टाकला.

म्हणजे माझ्या डोळ्यांनी मी तेव्हाच बघितलं होतं. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, एवढंच. पुडीवर लिहिलेलं मी वाचलं आणि समोर असलेलं वाचलं नाही.

तू खरं बोलत होतीस.

डॉक्टरांनी तेव्हा अजून दोन महिने सांगितले होते, ते तुला माहीत आहे. त्यातले नऊ दिवस मिळाले. बस्तीत दर्शनाला गेलं की अजूनही म्हणतात, जिनदत्तआण्णानं सोमवारी सांजंला अन्नाला हात जोडले, खाणं सोडून असं समाधीमरण सगळ्यांच्या नशिबी नसतं. मला बघून बायका बाजूला सरकतात, बसायला जागा देतात. तुझ्याबद्दल मात्र त्या काय बोलतात ते मी लिहीत नाही. ते त्यांना मीच शिकवलं.

उरलेल्या तीन वाट्या राजेश्वरीकडे दिल्या. मला चव घेववली नाही.

आई


कुपवाड
११ एप्रिल २०२५

ब्राह्मी,

मी अतिशयला सांगितलं. तो हात धूत होता. ऐकताना नळ तसाच सोडला.

"चायना ग्रास व्हतं?"

"होय."

"नक्की?"

मी त्याला सगळं दाखवलं, स्टूल, वाटी, किती वाजता काय झालं ते. त्याला मशीनवरच्या गोष्टी कळतात, तसं त्यानं एकेक विचारून घेतलं. मग म्हणाला, "आन् मी स्टँडवर तिला काय काय बोललो ते तुला ठावं हाय का?"

मी म्हटलं, "मीच पाठवलं होतं तुला."

"तू पाठवलंस, पण बोललो मी. चार लोकात बोललो. बापाला बाटवलंस म्हणालो. तिच्या हातातली पिशवी वढून परत गाडीत टाकली." मग तो बराच वेळ चपला शोधत राहिला. चपला त्याच्या पायातच होत्या. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला म्हणाला, "आई, झालं ते झालं. आता बाहेर कुणाला बोलू नगंस. आण्णांच्या नावानं लोक हात जोडत्यात. ते तरी ऱ्हाऊ दे."

तुला फोन करशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, काय म्हणून करू?

काल महावीर जयंती होती. रथ फिरून आला, बायका बस्तीच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. ब्राह्मीनं आण्णांना हाडं घातली नव्हती. समुद्रातलं गवत होतं. पुडी वाचण्यात माझी चूक झाली, आणि तुमच्या घराघरात जाऊन सांगितलं तेही मीच.

मग शालूबाई म्हणाली, "आक्काताई, बस गं खाली. ऊन लागलंय तुला."

"ऊन नाही लागलं."

"मग मेलेल्या माणसाचं पुण्य कशाला उकरून काढतीस? किती चांगला गेला त्यो. आता तू म्हणतीस चूक झाली. मंजी त्यानं कशापायी सोडलं अन्न?"

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "लय वाचती ना. तिसरी शिकून आमाला पुड्या वाचून दावायची." दोघीतिघी हसल्या. ते खरंच आहे. आण्णा वर्कशॉपमधून रद्दी आणायचे, त्यातून मी वाचायला शिकले. पुढं इंग्रजी अक्षरंही एकेक करून लावायला लागले. बस्तीतल्या बायका औषधाच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे माझ्याकडे आणायच्या, बघ गं आक्काताई यात अंडं आहे का. मला त्याचा फार मान वाटायचा.

कुणी काही म्हणो, मी सांगितलं आहे. चाळीसेक बायका होत्या. आज दोघींनी माझ्याशी बोलणं टाळलं, म्हणजे त्यांना पटलं असावं.

शालूबाईच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. घरी आले तर दारात तुझं पत्र पडलं होतं. तुझं अक्षर पाकिटावरच ओळखलं. आत एकच ओळ होती.

आण्णांना माहीत होतं का?

माझ्या दुसऱ्या पत्रातून तुला तशी शंका आली असणार. मी तुला फोन केला त्याच सोमवारी त्यांनी अन्न सोडलं, असं मी लिहून गेले. उत्तर लिहिणार आहे. आज नाही.

आई


कुपवाड
२ मे २०२५

ब्राह्मी,

हो. त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्यांना कळलं नाही, ते खोटं. दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं तेही खोटं. तीन आठवडे मी हे लिहायचं टाळलं. तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं, असंही मनात आलं. पण तू एकच गोष्ट विचारली आहेस.

तू यायच्या आधी महिनाभर ते माझ्या हातचं काही गिळत नव्हते. पेज गाळून दिली, मुगाचं पाणी दिलं, दूध दिलं. ओठ मिटून घ्यायचे. जबरदस्ती केली तर बाहेर यायचं. दिवसाला सात-आठ कप चहा पिणारा माणूस, गरम घोट घशाखाली जाईना म्हणून चहाचा वास आला तरी तोंड फिरवायचा. मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ होते. आणि तू एका रविवारी सकाळी आलीस, ओट्याशी उभी राहिलीस, दुपारी त्यांच्यासमोर वाटी धरून म्हणालीस, "आण्णा, प्यायला जमंना ना? मग खावा चहा." त्यांनी अख्खी वाटी खाल्ली. चमचा चाटला. माझ्याकडे बघून म्हणाले, "बग, पोरीला कसं जमलं."

मी हसले होते. तू बघितलंस.

सोमवारी तू विसरून गेलेली पिशवी आवरताना पुडी मिळाली. अक्षरं लावून वाचली. तो शब्द मला माहीत नव्हता, राजेश्वरीला विचारला. तिनं सांगितलं, हाडांपासून, कातड्यापासून करतात. ऐकून मला धक्का बसला, रडू आलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. रडू नंतर आलं. आधी मला बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अतिशयलाही नाही.

पुडी फोडलेली होती, पण किती वापरली ते मी बघितलं नाही. तुला फोन करून विचारता आलं असतं. सूर्य मावळायला अजून वेळ होता. तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. ते सूर्यास्तानंतर घेत नसत, म्हणून आधीच विचारलं, "ते हिरवं हाय का अजून?" वाटी तिथंच त्यांच्या उशाशी होती. मी म्हटलं, "हाय. पण त्यात हाडं हायत."

मी एवढंच म्हणाले. आजही मला माझा आवाज ऐकू येतो. त्यात दुःख नव्हतं.

त्यांना बोलायला वेळ लागायचा. आधी नुसता घशात आवाज व्हायचा, मग शब्द. ते म्हणाले, "तिला ठावं नसंल."

मी म्हटलं, "पुडीवर लिवलंय की."

ते म्हणाले, "समदी तुज्यावाणी वाचत न्हाईत."

मग त्यांनी हात जोडले. मी पुढं केलेलं दूध नको म्हणाले. पाणी तेवढं घेईन म्हणाले. त्याला लोक काहीही म्हणोत. मला त्यांचं तोंड दिसत होतं, ते व्रत घेणाऱ्याचं तोंड नव्हतं. आपल्याला किळस आलेली असते आणि ती कुणाला दिसू द्यायची नसते, तसं होतं. तुला दिसू द्यायची नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. तू शनिवारी परत येणार होतीस ते त्यांच्या ध्यानात होतं. म्हणाले, "शनवारी ती आली की म्हन, आण्णाचं पोट भरलंय. दुसरं काय बोलू नगंस. पोर हाय."

तासाभरानं मी तुला फोन केला आणि ते सगळं बोलले.

मी तुला येऊ का दिलं नाही, तेही लिहिते. तू आली असतीस तर त्यांच्यासमोर उभी राहून चायना ग्रास म्हणाली असतीस. त्यांनी तुझं ऐकलं असतं. तुझ्या हातनं परत खाल्लं असतं. मी खोटी पडले असते. एवढंच कारण आहे. नियम, धर्म, त्यांचं मन, हे सगळं मी वर ठेवलं होतं.

शनिवारी तू आलीस. अतिशयनं स्टँडवरूनच तुला परत पाठवलं. संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "आली का?"

मी म्हटलं, बस चुकली तिची.

ते म्हणाले, "मग उद्या यील."

रविवारी त्यांनी विचारलं. सोमवारी विचारलं. मंगळवारी आवाज नव्हता, नुसतं दाराकडं बोट केलं. बुधवारी विचारलं नाही.

आई